तीन भोकांची कुळकथा

बॉलिंगचा नवा बॉल खोक्यातून बाहेर काढला की त्याला एकही भोक नसतं. दीड-दोनशे डॉलर मोजलेले असतात, कंपनीचं नाव, बॉलचं नाव, अनुक्रमांक सगळं त्यावर कोरलेलं असतं. पण तो उचलायचा तर दोन्ही हातांनी कवळावा लागतो. कारखान्याने त्याचा घेर काटेकोर सांभाळलेला असतो, पोटातलं वजन कुठे बसवायचं याची गणितं केलेली असतात. एकच गोष्ट कारखान्याला ठाऊक नसते, ती म्हणजे विकत घेणाऱ्याचा अंगठा. म्हणून बॉल अर्धवट ठेवूनच पाठवतात. उरलेलं काम करतो 'प्रो शॉप'वाला. अमेरिकेतल्या बऱ्याच बॉलिंग सेंटरांच्या एखाद्या कोपऱ्यात त्याचं छोटंसं दुकान असतं, आत ड्रिलिंगचं यंत्र, काचेच्या कपाटात बॉल आणि जमिनीवर रंगीबेरंगी भुसा. कापड गिरणीत विणलं जावं आणि सदरा शिंप्याने अंगावर माप घेऊन शिवावा, तशी ही व्यवस्था आहे. रेडिमेडच्या जमान्यातही ती मोडलेली नाही.

ही भोकं आज इतकी ओळखीची झाली आहेत की बॉलिंगचा बॉल काढायला सांगितला तर लहान मूलही एक वर्तुळ आणि त्यात तीन ठिपके काढतं. पण या खेळाच्या लांबलचक वयात भोकं फार उशिरा आली. आली तीही तीन नव्हे, दोन. मग तीन झाली, मध्येच चारही झाली, आणि आता जगातल्या काही सर्वोत्तम खेळाडूंच्या बॉलवर पुन्हा दोनच उरली आहेत. बॉलिंगच्या तंत्राची चर्चा होते तेव्हा बॉलचं कवच आणि आतला गाभा यांचं कौतुक चालतं. माझ्या मते हा मान भोकाचा आहे. गाभासुद्धा भोकामुळेच जन्माला आला. त्याकडे पुढे येऊच.

बॉलिंगचा कोणताही इतिहास काढा, सुरुवात इजिप्तपासून होते. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला नकादा इथे एका लहान मुलाच्या थडग्यात दगडी गोळे आणि पिनांसारखे तुकडे सापडले, आणि तेव्हापासून पाच हजार वर्षांचा वारसा सांगण्याची सगळ्यांची सोय झाली. त्या गोळ्यांना भोकं नव्हती, तेव्हा तिथे आपलं काम नाही.

आपल्या कुळाचे मूळपुरुष जर्मन. जर्मनीत नऊ पिना पाडण्याचा 'केगेल्न' हा खेळ शतकानुशतकं चालत आलेला आहे. आजही तिथल्या नऊ पिनांच्या स्पर्धांतला बॉल १६ सेंटीमीटर व्यासाचा, पावणेतीन किलोंहून थोडा जास्त आणि बिनभोकाचा असतो. तो पंज्यात मावतो, नाही मावला तरी तळहातावर तोलता येतो. हात मोठा असो की लहान, बॉल एकच. एकोणिसाव्या शतकात लाखो जर्मन अमेरिकेला गेले, तेव्हा न्यूयॉर्क, सिनसिनाटी, मिलवॉकी, सेंट लुइस अशा शहरांत बिअर, वाद्यवृंद आणि हा खेळ त्यांच्याबरोबर पोचला. त्यावर सट्टाही पोचला, म्हणून कनेटिकट राज्याने १८४१ साली नऊ पिनांच्या खेळावर बंदी घातली. ती चुकवायला कोणीतरी दहावी पिन उभी केली, ही गोष्ट अमेरिकेत सगळ्यांना आवडते. गोष्ट गोड आहे, पण दहा पिनांचा खेळ त्या कायद्याच्या आधीही माहीत होता.

दहावी पिन कशीही आलेली असो, तिच्यामागोमाग बॉल वाढला. दहा पिनांची त्रिकोणी मांडणी, शेजारच्या दोन पिनांत १२ इंचांचं अंतर, पिन १५ इंच उंच. अशा घोळक्यात हलका बॉल शिरला की पहिल्याच धडकेला बाजूला ढकलला जातो. जड बॉल आपली वाट सोडत नाही, पिनांना वाट काढायला लावतो. जड करायचा तर मोठा करणं आलं, कारण लाकडाची घनता वाढवता येत नाही. मोठा केला की तो पंज्यातून गेला. भोकाची गरज इथे निर्माण झाली.

सगळ्या घराण्याने हा मार्ग धरला असं मात्र नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी १८८०च्या सुमारास 'कँडलपिन' सुरू झालं; त्यात पिना मेणबत्तीसारख्या सडपातळ आणि बॉल साडेचार इंच व्यासाचा. बॉल्टिमोरच्या बाजूला 'डकपिन' रुजलं, तिथेही बॉल मुठीतला. कॅनडात टोरांटोच्या थॉमस रायनच्या बॉलिंगच्या जागेत दुपारच्या सुट्टीत येणारी व्यापारी मंडळी जड बॉलने दमून जात. १९०९ साली त्याने पिना पाचवर आणल्या आणि बॉल पाच इंचांवर. कॅनडात तो खेळ आजही चालतो. या तिन्ही शाखांनी भोकाचा प्रश्न बॉल लहान ठेवून सोडवला. हाताला कोणी माप विचारत नाही, अंगठा अडकत नाही, दुकानदाराची गरज नाही. शहाणपण कोणाकडे होतं, याचा निकाल मी देणार नाही. पण दहा पिनांच्या खेळाने अडचणीची वाट निवडली म्हणूनच त्याला सांगण्यासारखा इतिहास मिळाला, एवढं खरं.

ते जड बॉल लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचे असत. हे झाड कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेतलं. लाकूड इतकं दाट की पाण्यात टाकलं तर तळाशी जातं, आणि त्यातली राळ त्याला स्वतःच वंगण पुरवते. जहाजाच्या पंख्याच्या दांड्याचे बेअरिंग त्याचे करत. जोराचा वारा असला की पंच यष्ट्यांवर ज्या जड बेल्स ठेवतात, त्याही या लाकडाच्या असतात. तेव्हा क्रिकेटवाल्यांना ते अगदीच परकं नाही. कातारी लेथवर त्याचा गोळा कातत असे. आजच्या बॉलएवढा, म्हणजे साडेआठ इंच व्यासाचा गोळा या लाकडातून काढला तर साडेसहा किलोंच्या आसपास भरेल. एका हाताने तो झुलवून ६० फुटांवरच्या पिनेपर्यंत सरळ रेषेत सोडायचा. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, म्हणजे अंतर जवळपास तेवढंच; फक्त हातात लाल चेंडूऐवजी भरलेली कळशी. तिला धरायला काहीतरी हवं की नको?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोळ्यात दोन भोकं पाडू लागले. एक अंगठ्याला, एक मधल्या बोटाला. उरलेली तीन बोटं बाहेर लाकडावर पसरायची. आजच्या नजरेला ही पकड अपुरी वाटते, आणि ती होतीही. दोनच बिंदूंवर धरलेला बॉल त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेभोवती डुलू पाहतो, त्याला आवरायचं काम मनगटाला करावं लागतं. तरीही भोक नसण्यापेक्षा हे फार बरं. आधी तळहाताखाली आधार देत, उकिडवं वाकून गोळा जमिनीलगत ढकलावा लागायचा. आता हात मोकळा मागे नेता येऊ लागला, बॉलला लंबकासारखा झोका मिळाला. बॉलिंगची आज दिसणारी लकब, चार-पाच पावलं, मागे उंच गेलेला हात आणि शेवटचं घसरतं पाऊल, या झोक्यातून घडली आहे.

९ सप्टेंबर १८९५ला न्यूयॉर्कच्या बीथोव्हन हॉलमध्ये अमेरिकन बॉलिंग काँग्रेसची स्थापना झाली. पुढाकार घेणाऱ्यांत जो थम हा बव्हेरियाहून आलेला खानावळवाला होता. त्याने १८८६ साली आपल्या खानावळीच्या तळघरातच लेन टाकल्या होत्या. त्याआधी गावोगाव पिनांचं वजन वेगळं, लेनची लांबी वेगळी, बॉल तर कसाही. काँग्रेसने सगळं एका दोरीत आणलं. बॉलचा घेर २७ इंचांच्या आसपास आणि वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो, ही मर्यादा अजून टिकून आहे. बॉल ठरला, लेन ठरली, पिना ठरल्या. हात मात्र कोणाला ठरवता येईना. सगळं प्रमाणित झालं तेव्हाच मापाचं भोक महत्त्वाचं झालं, कारण दोन खेळाडूंच्या साहित्यात फरक करायला तेवढीच एक जागा उरली.

लाकडाला एक खोड होती. कितीही दाट असलं तरी आपटून त्याच्या कपच्या जात, ते हवेने तडकत, हळूहळू गोलाई हरवत. भोकाच्या कडा तर सगळ्यात आधी झिजत. १९०५ साली 'एव्हरट्रू' नावाचा कडक रबराचा बॉल बाजारात आला. कायम खरा गोल राहणारा, असा त्या नावातच दावा होता. या रबराचं मूळ चार्ल्स गुडइयरच्या गंधकाच्या प्रयोगांत. रबरात थोडा गंधक घालून तापवलं तर लवचीक रबर मिळतं. भरपूर घातला तर एबोनाइट, म्हणजे जुन्या फाउंटन पेनांचं काळंभोर मटेरियल. चार्ल्सचा भाऊ नेल्सन गुडइयर याने १८५१ साली कडक रबराचं पेटंट घेतलं होतं. बॉलिंगच्या वाट्याला ते अर्ध्या शतकाने आलं. पुढे १९१४ साली ब्रन्सविक कंपनीने आपल्या 'मिनरलाइट' बॉलची जगभर फेरी काढली, वायएमसीएच्या शाखांमधून तो देशोदेशी फिरवला. रबरात नेमकं काय मिसळलंय हे गुपित असल्याची हवाही केली. जाहिरात कशी करावी हे कळायला तेव्हाही टीव्ही लागत नव्हता.

रबराने भोकासाठी दोन गोष्टी केल्या. एक, कडा टिकू लागल्या. इंचाच्या अपूर्णांकात घेतलेलं माप वर्षभर तसंच राहू लागलं, म्हणून माप घेण्याला अर्थ आला. दोन, चुकलेलं भोक बुजवता येऊ लागलं. पुढे प्लास्टिकच्या काळात तर द्रवरूप रेझिन ओतून भोक भरायचं, ते वाळलं की घासून सपाट करायचं आणि शेजारी किंवा त्याच जागी नवं पाडायचं, हा रोजचा व्यवहार झाला. जुन्या वापरलेल्या बॉलवर निराळ्या रंगाच्या चकत्या दिसतात, त्या आधीच्या मालकाच्या बोटांच्या जागा.

तिसरं भोक अनामिकेसाठी आलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दोन भोकांचे आणि तीन भोकांचे बॉल एकाच वेळी वापरात होते. मोठे खेळाडू दोन्हीकडे होते. शेवटी तीनने बाजी मारली, कारण दोन बिंदूंच्या जागी त्रिकोण आला आणि बॉलचं डुलणं थांबलं. मनगट सुटं झालं. आणि मनगट सुटं झाल्यावर खेळाडूंना लक्षात येऊ लागलं की सोडताना अंगठा आधी निघाला आणि दोन बोटं क्षणभर मागे राहिली, तर ती बोटं बॉलला उचल देतात आणि तो फिरकी घेतो. सरळ जाणारा बॉल शेवटी वळून पिनांच्या कोपऱ्यात शिरू लागला. आधी भोक बॉल धरण्यासाठी होतं. आता ते बॉल कसा सोडायचा हे ठरवू लागलं.

इथून पुढे भोकाचं माप हे एक शास्त्र झालं, आणि खेळणारेही वाढले. तोवर पिना उभ्या करायला लेनच्या टोकाला पोरं बसवलेली असत. गॉटफ्रीड श्मिट याने कल्पिलेलं पिना लावणारं यंत्र एएमएफ कंपनीने १९४६ साली बफेलोत लोकांना दाखवलं आणि १९५२पासून ते सेंटरांत बसू लागलं. रात्री उशिरापर्यंत लेन चालू लागल्या, कारखान्यांच्या, चर्चच्या, बायकांच्या लीग उभ्या राहिल्या. दर आठवड्याला खेळणाऱ्याला सेंटरचा सामाईक बॉल पुरेना. स्वतःचा बॉल, स्वतःची पिशवी, स्वतःचे बूट अशी हौस आली आणि प्रो शॉपवाल्याचं बस्तान बसलं.

त्याचं काम बघण्यासारखं असतं. तो आधी हात बघतो, बॉल नंतर. बोटं किती मागे वाकतात, अंगठा तळहातापासून किती उघडतो, कुठे घट्टा पडलाय, कुठल्या जुन्या दुखापतीने एखादं पेर आखडलंय. मग मापाचा बॉल पुढे करतो. त्याला वेगवेगळ्या आकारांची भोकं असतात. अंगठा पूर्ण आत घालायचा आणि बोटं बॉलवर सैल टाकायची. अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटांच्या भोकांच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे 'स्पॅन'. मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा स्पॅन वेगवेगळा मोजावा लागतो, कारण कोणाचीच दोन बोटं सारखी नसतात. दोन बोटांच्या भोकांमधली भिंत हा 'ब्रिज', साधारण पाव इंचाचा.

जुनी, नेहमीची पकड म्हणजे बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत. हिच्यासाठी दुकानदारांची जुनी खूण अशी की बोट बॉलवर टाकलं असता दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या अलीकडच्या कडेपुढे पाव इंच जावी, आणि तळहात व बॉल यांच्यामध्ये पेन्सिल जेमतेम सरकावी. दुसरी पकड 'फिंगरटिप', म्हणजे बोटं फक्त पहिल्या पेरापर्यंत आत. तिच्यात स्पॅन लांबतो, बोटं अंगठ्यापासून दूर जातात, तो निघाल्यावर त्यांना उचल द्यायला जास्त वाव मिळतो. फिरकी वाढते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही पकड चांगल्या खेळाडूंत पसरली आणि आज गंभीरपणे खेळणारा जवळजवळ प्रत्येकजण तिच्याकडेच जातो. सुरुवातीला मात्र बॉल हातातून पडतोय की काय अशी धास्ती वाटते.

स्पॅन कोणालाही समजतो. खरं कसब 'पिच'मध्ये आहे. भोक बॉलच्या मध्यबिंदूकडे सरळ रोखलं तर पिच शून्य. त्याचा रोख तळहाताकडे झुकवला की पकड घट्ट होते, बॉल हातात जरा जास्त वेळ राहतो. उलट बाजूला झुकवला की अंगठा लवकर सुटतो. डावीकडे-उजवीकडेही झुकवता येतो. हे झुकणं किती, तर आपले सुतार ज्याला एक सूत म्हणतात तेवढं, इंचाचा आठवा भाग; कधी त्याच्या निम्मं. भोकाची रुंदी तर इंचाच्या ६४व्या भागाच्या टप्प्यांनी बदलते, म्हणजे सुताचाही आठवा हिस्सा. तेवढ्या फरकाने खेळ बदलतो यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण भोक सैल असलं तर बॉल पडू नये म्हणून माणूस नकळत अंगठा आतल्या आत वाकवून आवळतो. आवळलेला अंगठा वेळेवर निघत नाही, दंडाला ताण बसतो, झोका अडखळतो. आपल्याला वाटतं, खेळ येत नाही. खेळ येत असतो, भोक चुकलेलं असतं.

चुकलेल्या भोकाचा त्रास वैद्यकाच्या पुस्तकांतही पोचला आहे. अंगठ्याच्या आतल्या, तर्जनीकडच्या बाजूने एक मज्जातंतू जातो. भोकाची कड तिथेच घासते. वर्षानुवर्षं घासली की तंतूभोवती जाड गाठ धरते, बोटाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. डॉक्टर त्याला 'बोलर्स थंब' म्हणतात, आणि उपायांत पहिला क्रमांक शस्त्रक्रियेचा नाही, भोक बदलण्याचा आहे. म्हणून चांगला ड्रिलर भोक पाडून झालं की कडा घासून गोल करतो. पाहणाऱ्याला हे किरकोळ आवरसावर वाटतं. खेळणाऱ्याच्या अंगठ्याला विचारावं.

अंगठा स्वतःही स्थिर नसतो. खेळता खेळता फुगतो, थंडीत आक्रसतो, जेवणात मीठ जास्त झालं तरी दुसऱ्या दिवशी जाणवतं. म्हणून भोकात टेपच्या पट्ट्या लावायच्या, गरजेनुसार एक काढायची, एक चढवायची. त्यापुढे अंगठ्याच्या भोकात मऊसर प्लास्टिकचा ठोकळा बसवून त्यात माप कोरण्याची पद्धत आली, आणि आता तो ठोकळा पेच फिरवून एका बॉलमधून काढून दुसऱ्यात बसवता येतो. बोटांच्या भोकांत रबरी नळ्या असतातच. सहा बॉल बाळगणाऱ्या खेळाडूला सहाही बॉलमध्ये आपलाच अंगठा सापडतो.

आता गाभ्याची गोष्ट. तीन भोकं पाडली की बॉलमधून साधारण तीन-चार औंस माल निघतो, आणि तो सगळा एकाच बाजूचा. बॉल त्या बाजूला हलका होतो. ही उणीव भरून काढायला कारखान्यांनी ज्या बाजूला भोकं पडणार त्या बाजूला, कंपनीच्या छापाखाली, आधीच एक जड चकती पुरून ठेवायला सुरुवात केली. उद्देश निव्वळ भरपाईचा. पण ड्रिलर मंडळी हुशार. त्यांनी विचारलं, भोकं छापाच्या बरोबर वर न पाडता जरा बाजूला पाडली तर? चकती एका बाजूला उरली, बॉल वेगळा वागू लागला. मग नियम आले: वजनाचा कल बाजूच्या दिशेने एका औंसापेक्षा, वर-खालच्या दिशेने तीन औंसांपेक्षा जास्त नको. नियमात बसवण्यासाठी चौथं भोक आलं, ज्यात कुठलंच बोट जात नाही, फक्त वजन काढलं जातं. पुढे चकतीचा गाभा झाला, गाभ्याला बल्बसारखे, डमरूसारखे, कधी मुद्दाम वेडेवाकडे आकार आले. तीन भोकं कुठे पडतात यावरून तो गाभा लेनवर कसा डोलेल हे ठरू लागलं. बॉलच्या घेराचा पाव हिस्सा पावणेसात इंच. गाभ्याचं टोक खेळाडूच्या फिरकीच्या आसापासून त्याच्या निम्म्यावर, सव्वातीन इंच आणि एक सूत अंतरावर ठेवलं की बॉल सर्वांत जास्त डोलतो, हे ड्रिलरांचं पाठ असलेलं माप आहे.

याच काळात बाहेरचं कवचही बदललं: रबरानंतर पॉलिएस्टर, १९८०च्या दशकात युरेथेन, १९९०च्या आरंभी रिअॅक्टिव्ह रेझिन. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने बॉल रसायनात भिजवून मऊ केला आणि त्या मोसमात सहा स्पर्धा जिंकल्या. मग कडकपणाचेही नियम आले. यावर भरपूर लिहिलं गेलंय, इथे एवढं पुरे.

चौथ्या भोकाचा अंत अलीकडचा. ते आधी भरपाईसाठी होतं, नंतर गाभ्याचं वागणं हवं तसं वळवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. अमेरिकेच्या बॉलिंग संघटनेने १ ऑगस्ट २०२०पासून ते बंद केलं. बॉलमधलं प्रत्येक भोक पकडीचं असलं पाहिजे आणि प्रत्येक फेकीत त्यात बोट असलं पाहिजे. बदल्यात वजनाच्या कलाची मर्यादा सगळीकडे तीन औंस केली. मला हा नियम मनापासून पटतो. भोक हाताचं, हाताकडे परत आलं.

या नियमाची झळ एका निराळ्याच गटाला लागली. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावच्या जेसन बेलमॉन्टीच्या आईवडिलांनी बॉलिंग सेंटर काढलं होतं. पोरगं इतकं लहान की बॉल एका हाताला पेलेना, म्हणून दोन्ही हातांनी ढकलू लागलं, आणि मोठं झाल्यावरही ती सवय सोडली नाही. दोन बोटं आत, अंगठा बाहेर, दुसरा तळवा बॉलवर. सोडेपर्यंत दोन्ही हातांचा आधार. अंगठा अडकायचा प्रश्नच नाही, फिरकी प्रचंड. फिनलंडचा ओस्कू पालेरमाही असाच. सुरुवातीला जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली, ही काय पद्धत, म्हणाले. बेलमॉन्टीने अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यावर इतिहासातल्या कोणाहीपेक्षा जास्त मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि आज दोन हातांनी खेळणारी मुलं जगभर दिसतात. यांनी अंगठ्याचं भोक ठेवलं तर ते न वापरलेलं भोक ठरतं, म्हणजे नियमाबाहेर. म्हणून त्यांच्या बॉलला दोनच भोकं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही दोनच होती. पण तेव्हा अंगठ्यावाचून बॉल उचलता येत नव्हता, आणि आता अंगठ्यालाच सुट्टी.

अंगठा गेला की माप घेणाऱ्याचं निम्मं काम गेलं, असं कोणी म्हणेल. पण एकच हात वापरणारे अजून बहुसंख्य आहेत, आणि दोन हातवाल्यांनाही बोटांचा पिच लागतोच.

आपल्याकडे बॉलिंग आलं ते मॉलबरोबर. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात नव्वदचं दशक संपता संपता लेन आल्या, पाठोपाठ पुणे आणि इतर शहरांत. बहुतेकांनी टाकलेला बॉल हा सेंटरचा, सामाईक; त्याची भोकं कोणाच्याच हाताची नसतात, म्हणून सगळ्यांना थोडी सैल. अशा बॉलमध्ये सहसा वजनाबरोबर भोकं आणि स्पॅन वाढत जातात. बारीक अंगठ्याचा दणकट माणूस किंवा जाड अंगठ्याची नाजूक बाई, दोघांचीही तिथे पंचाईत होते. बॉलचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं घ्यावं असा एक ठोकताळा काउंटरवर ऐकवतात. तो फार मनावर घेऊ नका. रंग बघून तर मुळीच उचलू नका.

पुढच्या वेळी रॅकपाशी उभे राहाल तेव्हा आधी अंगठा बघा. तो मुळापर्यंत आत गेला पाहिजे, आतल्या आत फिरवला तर भिंतीला हलकेच लागला पाहिजे, आणि न ओढता बाहेर आला पाहिजे. मग बोटं वर टाकून दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या कडेपुढे थोडी जाते का ते पाहा. एवढं जुळलं तर एक पौंड कमी-जास्त चालतं. आणि महिन्यातून दोनदा खेळायला जाणार असाल, तर पहिला खर्च बुटांवर किंवा महागड्या रेझिनवर न करता साध्या प्लास्टिकच्या बॉलवर करा आणि तो स्वतःच्या हाताच्या मापाने ड्रिल करून घ्या.